बस्त्यातलं हिरवं कापड

तनुजा तिच्या मनातलं जहांगीरला सांगते, मला सांगत नाही. मी तिचा आजोबा, तिच्या बापाचा बाप. जहांगीर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा लेडीज टेलर. पाचवीपासून तनुजा माझ्याकडे अहमदपूरला शिकायला राहिली. तिचे डबे मी भरले, शाळेच्या बैठकांना मी गेलो, कांजिण्या आल्या तेव्हा कडुनिंबाचा पाला मी आणला. आता ती उदगीरच्या कॉलेजातून सुट्टीला आली की स्टँडवरून सरळ घरी येत नाही. आधी जहांगीरच्या दुकानात टेकते. मी इकडे चहाचं आधण ठेवून दारात उभा असतो आणि कोपऱ्यावरून तिचं हसणं ऐकू येतं. घरी आल्यावर मी विचारतो, "कसं चाललंय?" ती म्हणते, "बरं चाललंय, अप्पा." संपलं.

या वयात हेवा शोभत नाही हे मला कळतं. कळून तो कमी होत नाही.

मी लिहिणारा माणूस नव्हे. पण आमच्या भावकीत तनुजाबद्दल लोक काहीबाही बोलतात. पोरगी फटकळ आहे म्हणतात, भर बस्त्यात सासूला उलटून बोलली म्हणतात. मी तिथे होतो. जसं झालं तसं सांगून बघतो. जमेल की नाही, माहीत नाही.

माझा सारा जन्म कापडाच्या दुकानात गेला. मालक म्हणून नव्हे, साड्या उलगडून दाखवणारा नोकर म्हणून. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता बांधतात. दोन्हीकडची माणसं जीप भरून एकाच दुकानात येतात आणि लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. नवरीचं कापड नवऱ्याकडचे घेतात, नवऱ्याचं नवरीकडचे. नवरीचा शालू पसंत करणार तिची सासू, आत्या, नणंद, कुणी मावशी. नवरी भिंतीला टेकून बसलेली. सगळं ठरल्यावर कुणाला तरी तिची आठवण व्हायची. "काय गं, आवडला ना?" आणि ती म्हणायची, "तुम्हाला आवडला ना, मग झालं."

हे मी किती नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं याचा हिशेब नाही. मला ते उत्तर ओळखीचं वाटायचं, कारण माझ्याकडेही तेच एक उत्तर होतं. मालकाला तेच, बायकोला तेच, मुलगा सुदर्शन मोठा झाल्यावर त्यालाही तेच. माझी बायको तारामती असेपर्यंत म्हणायची, "ह्यांना इचारू नका. हे दोन्ही बाजूंनी मान हलवतेत."

तनुजा कुणावर गेली कळत नाही.

सुदर्शन गावी शेती करतो. तनुजा नववीत असताना आम्ही दिवाळीला गावी गेलो होतो आणि म्हैस अडली. रेडकू पोटात आडवं झालेलं. डॉक्टर आले, पण त्यांच्या हाताखाली धरायला माणूस नव्हता. सुदर्शन म्हशीच्या तोंडाशी, मी दावं धरून. डॉक्टर ओरडले, "अरे कुणी तरी पाय धरा याचा!" तनुजा फ्रॉकच्या बाह्या वर सारून पुढे झाली. सूनबाई दारातून किंचाळत होती, "तने, मागं सर, लग्नाची पोर तू!" नववीतली पोर, आणि लग्नाची. रेडकू बाहेर आलं, थोड्या वेळाने उठायला धडपडू लागलं. तनुजा कोपरापर्यंत माखलेली, गोठ्याच्या मधोमध उभी आणि हसत होती. त्या हसण्याकडे मी बघत राहिलो. आपण कशासाठी जन्मलो हे एखाद्याला एका दुपारी कळतं आणि एखाद्याला पंचाहत्तरीला आलं तरी कळत नाही. नातीचा हेवा मला पहिल्यांदा वाटला तो तेव्हा.

मग लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास झाले. मार्क बरे पडले. सुदर्शन म्हणाला, "अजून एक साल दे. माणसांची डॉक्टर होशील."

"मला जनावरांचीच व्हायचंय," ती म्हणाली.

"लोकं हसतेत, बाई."

"हसू द्या. त्यांच्या म्हशी आजारी पडल्या की बोलावतेत का न्हाई बघा."

मी तिथेच बसलो होतो. सुदर्शनने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तनुजाने पाहिलं, मी तिच्याकडेही हलवली. नंतर कळलं की हे सगळं ती आधीच जहांगीरशी बोलली होती, चांगलं भांडून. तो म्हणाला होता, "पागल हो गई क्या? बैलांना इंजेक्शन देणार?" तिने त्याला तासभर पटवलं. त्याला पटवलं. मला पटवायची तिला गरज वाटली नाही.

जहांगीरची नात हुमा तिच्याच वयाची, शाळेपासूनची मैत्रीण. बी.एड. करते. तिची लातूरच्या एका घरी सोयरीक झालेली आहे आणि ती खूश आहे. तिला घर हवं, मुलं हवीत, शाळेत शिकवायलाही हवं, आणि हे सगळं ती पहिल्या दिवशीच मुलाकडच्यांना सांगून मोकळी झाली होती. दोघी टेलरच्या दुकानातल्या बाकावर बसून एकमेकींना टोमणे मारतात.

एकदा मी वीजबिल भरायचं निमित्त काढून तिकडून चाललो होतो. मुद्दाम सावकाश. बाहेर टांगलेल्या ब्लाउजांच्या आडून आवाज आले.

हुमा म्हणत होती, "तू असं कर, म्हशीशीच लगीन कर. सासूचा ताप न्हाई."

"म्हशीला सासू असती की. गोठ्यात बघ एकदा," तनुजा म्हणाली.

"मग तुझी अडचण काय हाय? लग्न नको?"

"नको कोण म्हणलं? मला लग्न करायचंय. पण लग्न झालं की लोक म्हणतेत ना, अमक्याची सून, तमक्याची बायको. ते म्हणू देत. त्याच्यासंगं मी डॉक्टर हाय हे बी राहू दे. आत जाताना चप्पल बाहेर काढावी तसं ते उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला सांगतेत. ते जमणार न्हाई."

जहांगीरने मशीन थांबवलं. "बेटा, बात सही हाय. पण हे मला सांगून काय? ज्याच्या घरात जायचं त्याला सांग."

"सांगणार हाय. पहिल्याच दिवशी."

तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर गेली. "आओ महादेव!" तनुजा एकदम गप्प झाली. "अप्पा, तुम्ही? बिल भरायला?" हुमाने बाकावर जागा केली. मी बसलो नाही. घरी परत आलो आणि बिल भरायचं राहूनच गेलं.

त्याच महिन्यात नांदेडचं स्थळ आलं. मुलगा रुद्रेश, रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला. वडील नाहीत. आई महामायाबाई, घर तिच्या शब्दावर चालतं. बघायला आले तेव्हा सोबत रुद्रेशची आत्या साखराबाई होती. ती भोकरकडच्या खेड्यात राहते, गळ्यात मोठं इष्टलिंग, बोलणं मोठं.

पोहे झाले. साखराबाईंनी विचारलं, "गुरांची डॉक्टर म्हंजे शेणात हात घालावा लागत असंल?"

सूनबाईने तनुजाला डोळ्याने खुणावलं, की हसून सोडून दे.

"तसं न्हाई आत्या," तनुजा शांतपणे म्हणाली. "शेण बाहेर पडायच्या आधी घालावा लागतो."

साखराबाई इतक्या हसल्या की पोह्यांचा ठसका लागला. महामायाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "शिकली ते चांगलंच हाय. शिकलेली सून घराला शोभती."

मुलगा-मुलगी गच्चीवर बोलून आले. मुलाचा चेहरा खुललेला. साधा पोरगा, कपाळावर घाम. जाताना मला वाकून नमस्कार केला. त्याच्या घरून होकार आला, तनुजाही हो म्हणाली. मी विचारलं, "काय बोललात गच्चीवर?"

"बोललो की, अप्पा. ठीक हाय पोरगा."

आता बघा. ज्या पोरीचे डबे मी भरले, ती तिच्या लग्नाचं मला चार शब्दांत सांगते. दुसऱ्या दिवशी मी जहांगीरकडे गेलो. मनाला बजावून गेलो होतो की विचारायचं नाही. गेल्या गेल्या विचारलं.

"तुला काय बोलली ती?"

तो दोरा ओवत होता. "कुणाबद्दल?"

"सोंग करू नको. रुद्रेशला तिनं काय सांगितलं?"

"अट घातली."

"कसली?"

जहांगीरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "महादेव, तिनं मला सांगितलं. तुला सांगायचं असतं तर तुला सांगितलं असतं."

"मी आजा हाय तिचा!"

"मग मी कब बोला की मी हाय?" तो हसला. "कायकू जलता रे बुढापे में?"

मी चप्पल घालून निघालो. त्याच्या हातचा चहा तसाच ठेवला. पुढचे काही दिवस मी त्या कोपऱ्यावरून जायचं टाळलं, मागच्या बोळातून बाजारात गेलो. तिकडे चिखल असतो. पण गेलो.

बस्ता नांदेडला ठरला, वजिराबादच्या एका मोठ्या दुकानात. आमच्याकडून सुदर्शन, सूनबाई, मी, तनुजा. त्यांच्याकडून महामायाबाई, साखराबाई, रुद्रेश, त्याच्या दोन चुलत बहिणी. आजन्म मी गादीच्या त्या बाजूला बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा या बाजूला, पाहुणा म्हणून. चहा माझ्यापुढे आला तेव्हा हात पुढे करायलाही लाज वाटली.

शालू निघाले. महामायाबाईंची नजर पारखी होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी एक डाळिंबी रंगाचा शालू बाजूला काढला. चुलत बहिणी म्हणाल्या, "वहिनी गोरी हाय, खुलंल." मग कुणाला तरी आठवण झाली. "काय गं तनुजा, आवडला ना?"

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांचं ते उत्तर माझ्या कानात आधीच वाजलं.

"लई छान हाय," ती म्हणाली. "लग्नाला हाच घ्या."

मला हायसं वाटलं. मग मानपानाच्या साड्या झाल्या, पाहुण्यांचे टॉवेल-टोपी झाले, रुद्रेशचा सूट आमच्याकडून झाला. शेवटी महामायाबाई दुकानदाराला म्हणाल्या, "आता सुनंला घरात नेसायच्या रोजच्या साड्या काढा. सहा. आमच्या घरात सुना ड्रेसवर फिरत न्हाईत."

साड्यांचा ढीग आला. तनुजा भिंतीपासून पुढे सरकली.

"काकू, एक सांगू का? ह्यातल्या तीन घ्या. सणासुदीला, पाहुणे आले की मी नेसीन. बाकी तिनाच्या जागी मला दुसरं कापड हवंय."

"कसलं?"

ती दुकानातल्या नोकराकडे वळली. "जाडं कापड हाय का, गडद हिरवं? दवाखान्यातल्या ॲप्रनला लागतं तसं. धुऊन धुऊन टिकणारं. साडेतीन मीटर. चाचांनी तेवढं सांगितलंय."

चाचांनी. म्हणजे माप झालं होतं. जहांगीरने टेप लावून तिच्या ॲप्रनचं माप घेतलं होतं आणि मला पत्ता नव्हता. तिकडे महामायाबाईंचा चेहरा उतरला होता, सुदर्शनला घाम फुटला होता, आणि मी मात्र त्या साडेतीन मीटरपाशी अडकलो होतो. माझ्या नातीच्या बस्त्यात माझ्या कापडाच्या धंद्यातली गोष्ट, आणि ती टेलरला विचारून आली.

"ॲप्रन कशाला?" महामायाबाई म्हणाल्या. "शिकणं संपलं ना तुझं?"

"शिकणं संपतंय. आता नोकरी सुरू होईल. भोकरला दूध संघाचा दवाखाना हाय, तिथं मला घेतेत. नांदेडहून रोज जाऊन-येऊन करीन." तिने रुद्रेशकडे पाहिलं. "मी तुम्हाला गच्चीवर सांगितलं होतं ना? तुम्ही म्हणलात, घरी मी सांगतो."

रुद्रेश मोबाइलकडे बघत होता. मोबाइल बंद होता.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "मौका भेटला न्हाई."

"मौका?" महामायाबाई त्याच्याकडे वळल्या. "रोज दोन टाइम माझ्यासमोर जेवून राहिला तू. मौका भेटला न्हाई?"

नोकर हातात अर्धी उलगडलेली साडी धरून तसाच उभा. मला त्याची कीव आली. तो क्षण मी ओळखतो. अशा वेळी घडी घालावी की नाही कळत नाही.

महामायाबाई आवाज खाली आणून बोलल्या, ते जास्त लागलं. "हे बघ बाई, तू शिकलीस, मला अभिमान हाय. पण रोज भोकरला जायचं, गोठ्यागोठ्यात फिरायचं, असली नोकरी आमच्या घरात चालणार न्हाई. बँकेतली कर, शाळेतली कर."

"काकू," तनुजा थांबली नाही. "मी तुमची सून होणार हाय, मनापासून होणार हाय. स्वैपाक करीन, तुम्ही आजारी पडलात तर रात्रंदिवस बसीन. पण मी जनावरांची डॉक्टर हाय. ते नुसतं माझं काम न्हाई, ती मीच हाय. ते सोडून मी तुमच्या घरात आले तर तुमच्या घरात कोण आलं? ती पोरगी तुम्ही बघायला आलाच न्हाईत."

सुदर्शन पुटपुटला, "तने, बस कर."

महामायाबाई एकदम माझ्याकडे वळल्या. "अप्पा, तुम्ही मोठे. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकंल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मान हलायला लागली होती, सवयीने, महामायाबाईंच्या बाजूला. मी ती थांबवली. जे मनात साचलं होतं तेच बाहेर आलं.

"मी काय सांगू," मी म्हणालो. "मला काहीच माहीत न्हाई. मला ती सांगत न्हाई. आमच्या गल्लीतल्या टेलरला सांगती, हुमाला सांगती, तुमच्या पोराला गच्चीवर सांगितलं. मला आत्ता कळालं, तुमच्यासंगंच."

एक चुलत बहीण हसली आणि तिने तोंडावर हात धरला. माझे कान तापले. पण आता अर्ध्यावर सोडता येईना.

"पण कळालं ते बरं झालं. ही पोर नववीत असताना मी हिला गोठ्यात बघितलंय. तेव्हापास्नं मला तिचा हेवा वाटतो. मी तिला दुसरं काही व्हायला सांगणार न्हाई. मला सांगता येणार न्हाई." मग मी नोकराला म्हणालो, "दादा, ते हिरवं कापड काढा. जाड्या विणीच्या ड्रिलमधलं. हलकं दाखवू नका."

आयुष्यात मी एवढं सलग कुणापुढे बोललो नव्हतो.

साखराबाई म्हणाल्या, "माया, खरं सांगू का? आमच्या गावात डॉक्टर यायला चार-चार दिवस लागतेत."

"आत्याबाई, तुम्ही गप बसा," महामायाबाई उठल्या. "आम्ही इचार करून कळवतो."

बस्ता तसाच अर्धा राहिला. असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. भांडणं पाहिली, रडणं पाहिलं, पण बस्ता बांधल्याशिवाय कुणी उठलेलं पाहिलं नव्हतं. दुकानदाराने निवडलेलं कापड एका चादरीत बांधून वरच्या फळीवर ठेवलं. जाताना रुद्रेश तनुजाजवळ आला. ती त्याला म्हणाली, "मी नाराज न्हाई. पण आता माझ्या वाटचं मी बोलून झालं. तुमच्या वाटचं तुम्ही बोला."

सुदर्शन आणि सूनबाई नांदेडहून परस्पर गावी गेले, रागातच. मी आणि तनुजा अहमदपूरच्या बसमध्ये बसलो. बस लोह्याच्या पुढे गेली. मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"जहांगीरला का सांगतीस? मला का न्हाई?"

तिने खिडकीतून बाहेर बघत उत्तर दिलं. "चाचा भांडतेत, अप्पा. चूक हाय म्हणतेत, मूर्ख म्हणतेत. मग मला कळतं की माझं खरं किती अन् हट्ट किती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणला असता. मग पप्पांनी वेगळं सांगितलं असतं, त्यांना बी हो म्हणला असता. तुमच्या होकाराला मी कुठं ठेवू?"

थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

"आज न्हाई म्हणलात तुम्ही," ती म्हणाली. "काकूंना. पहिल्यांदा ऐकलं."

"लग्न मोडलं तर?"

"तर लई रडीन. मला आवडतो तो." मग म्हणाली, "पण भोकरला जाईन."

तिच्याकडे ही दोन्ही वाक्यं एकदम होती. एकाने दुसऱ्याला ढकललं नव्हतं. मी बसच्या दांड्याला धरून बसलो आणि मला हेवा वाटला. जहांगीरचा नव्हे, तिचाच हेवा.

पुढचे दिवस वाईट गेले. सुदर्शनचा फोन येई, "अप्पा, तुम्ही तरी सांभाळायचं होतं." तनुजा उदगीरला परत गेली नव्हती, सुट्टी बाकी होती. ती वरवर नेहमीसारखी होती, पण भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा. आणि जहांगीरकडे मात्र ती जायची. मी पुन्हा मागच्या बोळाने.

एका दुपारी माझा फोन वाजला. महामायाबाई. सुदर्शनला नाही, मला.

"अप्पा, रुद्रेश बोलला घरात," त्या म्हणाल्या. "आठ दिस भांडण चाललं. जेवणं बंद झाली. पोरगा म्हणतो, मी तिला शब्द दिला अन् लपवला, चूक माझी हाय, तिला सजा नको." त्यांनी मोठा श्वास घेतला. "साखराबाईची म्हैस आटली, तर तिनं तुमच्या नातीला परस्पर फोन लावला म्हणं. माझ्या घरात मलाच कुणी काही सांगत न्हाई."

हे ऐकून मला त्या बाईबद्दल जी माया वाटली ती मी सांगू शकत नाही.

"माझ्या बी घरात तसंच हाय, ताई," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पोरीला इचारून सांगा. एक साल बघू म्हणावं. घर सांभाळून जमलं तर जमलं."

जिभेवर 'बरं' आलं होतं. ते मी गिळलं. "मी मधे पडत न्हाई. ती इथंच हाय. तुम्ही तिलाच बोला."

तनुजा स्वयंपाकघरातून आली. मी फोन पुढे केला. तिला काही खाजगी बोलायचं असलं की ती फोन घेऊन अंगणात जाते, दार ओढून घेते. या वेळी गेली नाही. माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि तिथेच बोलली.

"हाव काकू... न्हाई, रागावले न्हाई... एक साल बघू असं नका म्हणू, काकू. नोकरी राहणार हाय. घरातलं कसं करायचं ते आपण दोघी मिळून बघू. कधी मला उशीर होईल, कधी तुम्ही ओरडाल, ओरडा... हाव... तीन साड्या बास." मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी हसली, ओढणीने डोळे पुसले. "म्हशीच्या धारेचं मी आत्यांना सांगितलंय. तुम्हाला बी सांगते, घरात कालवड आणा."

फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "ऐकलं ना सगळं?"

"ऐकलं."

"मग सांगा. चुकलं का काही?"

हे तिने मला विचारलं. मी जरा विचार केला, आणि मान हलवायची सोडून बोललो. "कालवडीचं आत्ताच बोलायला नको होतं. लगीन होऊ दे आधी."

"न्हाई अप्पा, तेच बरोबर होतं," ती म्हणाली, आणि आम्ही त्यावरून चांगले भांडलो.

बस्ता बांधून झाला. गठ्ठ्यात डाळिंबी शालू, तीन साड्या आणि हिरवं ड्रिल होतं. लग्न मार्चनंतर, तिची इंटर्नशिप संपल्यावर. मधे काय होईल, महामायाबाई कितपत निभावतील, रुद्रेश पुढच्या वेळी मौका शोधत बसेल की काय, मला माहीत नाही. भावकीतले लोक बोलतात तर बोलोत.

कापड घेऊन आम्ही दोघं जहांगीरच्या दुकानात गेलो. पुढच्या रस्त्याने. हुमा बाकावर होती, तिने ड्रिल गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "आईशप्पथ, गोणपाट हाय हे."

जहांगीरने ते मेजावर पसरलं, बोटाने चाचपलं. "कापड झकास लाया. किसने चुना?"

"मी," मी म्हणालो.

"आधी पाण्यात घाल," मी पुढे म्हणालो. "ड्रिल आटतं. आटलं की बाह्या वर जातील."

"तू मला शिकवतो? तेरे पैदा होने के पहले से सिलता मैं!"

"तू माझ्यापेक्षा धाकटा हाय."

"बघ बेटा, बघ," तो तनुजाला म्हणाला, "अभी भी जलता ये."

"जळू द्या, चाचा," तनुजा म्हणाली आणि हसली. आणि ते हसणं मला कोपऱ्यावरून ऐकावं लागलं नाही, मी त्याच बाकावर बसलो होतो.